जालन्याचा नवरदेव, लातूरचा सराफ: एका अंगठीचं प्रकरण

नवरा मुलगा जालन्याचा, सळयांच्या कारखान्यात मेंटेनन्स इलेक्ट्रिशियन. नवरी लातूरची, एका खासगी लॅबमध्ये टेक्निशियन. दोन्ही घरं शेतकरी, सोयाबीन आणि तुरीच्या भावावर वर्षाची गणितं मांडणारी. यादीच्या बैठकीत मुलाकडून मागणी काहीच नव्हती. साखरपुड्याला एकमेकांना अंगठ्या घालायच्या आणि मुलाची अंगठी मुलीकडच्यांनी करायची, एवढंच ठरलं. मी मुलीचा मामा. व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिणं हा माझा धंदा, त्यामुळे अंगठीचं काम आपसूक माझ्याकडे आलं. दाजींनी सांगितलेली रक्कम सत्तर हजारांच्या आतली होती. शिवाय घरात आजोबांची जुनी सोन्याची वेढणी, म्हणजे वेढे दिलेली अंगठी होती, ती मोडीत द्यायची असेल तर द्या, असंही ते म्हणाले.

काम सोपं वाटलं, पण प्रत्येकाच्या डोक्यात वेगळी अंगठी होती. दाजींना वर एखादा खडा असलेली, लोकांत उठून दिसणारी हवी होती. नवरीने मोबाईलवर प्लॅटिनमची जोडी पाहून ठेवली होती. मुलाच्या मित्राने टंगस्टनची काळी अंगठी सुचवली होती, ऑनलाइन दोन-तीन हजारांत, 'आयुष्यभर ओरखडा नाही' अशी. मुलीच्या आत्या म्हणाल्या, तोळ्याच्या खालची अंगठी पुरुषाच्या हातात दिसत नाही. आणि ज्याच्या बोटात ती जायची त्याला मात्र कुणीच काही विचारलं नव्हतं.

आधी हात, मग धातू

मी त्याला फोन लावून पहिलाच प्रश्न विचारला, ड्युटीवर अंगठी चालते का?

"नाही मामा, गेटवरच काढायला लावतात. पॅनलवर काम करू राहिलो म्हणल्यावर हातात धातू नकोच."

या एका उत्तराने अर्धा प्रश्न सुटला. वीजकाम करणाऱ्याच्या बोटातली धातूची अंगठी दोन प्रकारे घात करते. चालू सर्किटच्या किंवा बॅटरीच्या दोन टोकांना ती एकाच वेळी टेकली की शॉर्ट होतो, अंगठी क्षणात तापते आणि बोटाला गोल भाजून काढते. बॅटरीचं व्होल्टेज कमी असलं तरी करंट भरपूर असतो, त्यामुळे ट्रॅक्टरची बारा व्होल्टची बॅटरीसुद्धा हे करू शकते. दुसरा प्रकार मशीनवरच्या, शिडीवरच्या आणि ट्रॉलीवरून उड्या मारणाऱ्या माणसांचा. अंगठी कुठेतरी अडकते, शरीराचं वजन खाली जातं आणि बोटाची कातडी, कधी कधी आतल्या रक्तवाहिन्यांसकट, ओरबाडून निघते. डॉक्टर त्याला रिंग अव्हल्शन म्हणतात. यात बोट वाचतंच असं नाही. गावाकडे मळणी यंत्रावर आणि कडबाकुट्टीवर काम करणाऱ्या प्रत्येक नवरदेवाला हे कुणीतरी सांगायला हवं. अंगठी निवडताना घरात याची चर्चा झाल्याचं मी क्वचितच ऐकलं आहे.

म्हणजे ही अंगठी रोज सकाळी निघणार आणि रोज संध्याकाळी चढणार होती. यातून तीन गोष्टी लगेच ठरल्या. पहिली, खडा नको. काढ-घाल करताना खड्याच्या नख्या कपड्यांत अडकतात, सैल होतात आणि एक दिवस खडा पडून जातो. दुसरी, अंगठी बोटाच्या सांध्यावरून सहज उतरली पाहिजे, म्हणून आतली बाजू किंचित गोलसर घासलेली हवी. तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कठीण धातूची गरजच संपली. टंगस्टन आणि टायटॅनियम यांचा सगळा बोलबाला ओरखडे पडत नाहीत यावर आहे. पण ओरखडे पडण्याच्या वेळी अंगठी हातात नसणारच, तर त्या गुणासाठी बाकीच्या अडचणी का घ्यायच्या?

त्या अडचणी लहान नाहीत. टंगस्टन म्हणून विकली जाणारी अंगठी टंगस्टन कार्बाइडची असते. ती इतकी कडक असते की तिचं माप कमी-जास्त करता येत नाही. बोट जाड झालं की नवी घ्या. ती फरशीवर जोरात आपटली तर वाकत नाही, तडकते. बोट सुजून अडकली तर कापता येत नाही, पक्कडीने दाबून फोडावी लागते. टायटॅनियम हलकं आणि त्वचेला सोसणारं, पण आपल्याकडच्या सोनाराकडे त्याचं माप वाढवायची सोय नसते आणि कापायलाही साध्या रिंग कटरने वेळ लागतो. सोन्याची अंगठी कुठल्याही दवाखान्यात काही मिनिटांत कापून निघते. आणि मुख्य म्हणजे या दोन्ही धातूंना मोड नाही. सराफाच्या काट्यावर त्यांची किंमत शून्य.

मोडीचा मुद्दा आमच्या भागात बाजूला ठेवता येत नाही. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं. अशा वर्षी घरातला दागिना सोनेतारणाला जातो किंवा मोडला जातो, मुलांची फी आणि पेरणीचं बियाणं त्यातून निघतं. लग्नाची अंगठी मोडायची वेळ कुणावर येऊ नये. पण ती आली तर त्या धातूला गावात गिऱ्हाईक असावं, एवढा विचार शेतकऱ्याच्या घरात करावाच लागतो.

प्लॅटिनमचा विचार मी गंभीरपणे केला

नवरीची इच्छा होती आणि धातू खरोखर चांगला आहे. दागिन्यांतलं प्लॅटिनम सहसा 950 शुद्धतेचं असतं, म्हणजे हजारात 950 भाग. आत 'पीटी 950' असा शिक्का असतो. रंग मुळातच पांढरा, त्यामुळे मुलामा उडण्याची भीती नाही. व्हाइट गोल्डवर रोडियमचा मुलामा असतो, तो झिजला की खालचा पिवळसर रंग दिसायला लागतो आणि पुन्हा मुलामा द्यावा लागतो. काही व्हाइट गोल्डमध्ये निकेल असतं, घामाने ज्यांना खाज सुटते त्यांनी ते टाळावं. प्लॅटिनममध्ये हे काही नाही. ओरखडे त्यालाही पडतात, पण धातू झिजून जाण्याऐवजी बाजूला सरकतो, म्हणून वजन फारसं घटत नाही. गेली काही वर्षं ग्रॅमचा भावही सोन्यापेक्षा कमी आहे.

भाव कमी म्हणून अंगठी स्वस्त पडते, हा समज मात्र कागदावर तपासावा. प्लॅटिनम जड आहे. एकाच आकाराची अंगठी, समजा 20 नंबरच्या मापाची, 5 मिलिमीटर रुंद, दीड मिलिमीटर जाड आणि सपाट, वेगवेगळ्या धातूंत केली तर वजन असं येतं: 22 कॅरेट सोन्यात साधारण साडेआठ ग्रॅम, 18 कॅरेटमध्ये साडेसात, प्लॅटिनममध्ये दहाच्या आसपास, चांदीत पाच आणि टायटॅनियममध्ये दोन ग्रॅमच्या थोडं वर. हा हिशेब मी घनतेवरून घरी बसून मांडला आणि नवरीला दाखवला. प्लॅटिनमच्या घडणावळीचा, म्हणजे घडवण्याच्या मजुरीचा दरही आम्हाला सोन्यापेक्षा बराच जास्त सांगितला गेला.

तरीही अडलं ते भावावर नाही, सोयीवर. प्लॅटिनम वितळतं 1768 अंशांना, सोनं 1064 अंशांना. सोन्यावर काम करणाऱ्या कारागिराच्या ज्योतीवर प्लॅटिनमचा सांधा होत नाही, त्याला वेगळी साधनं आणि वेगळा हात लागतो. आम्ही लातुरात जिथे जिथे विचारलं तिथे उत्तर एकच, माप बदलायचं तर बाहेर पाठवावं लागेल. मोड विचारली तर ज्याने विकलं तोच घेईल, तेही त्याच्या अटींवर. सोनेतारणाच्या काउंटरवर प्लॅटिनम चालत नाही. ज्या जोडप्याला हे सगळं माहीत आहे, शोरूम जवळ आहे आणि ज्यांचा मोडीचा विचार नाही, त्यांनी प्लॅटिनम खुशाल घ्यावं. आमच्या नवरीने हिशेबाचा कागद पाहिला, थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मग मामा, माझी पण साधी सोन्याचीच करा, सारखी दिसली म्हणजे झालं."

22 की 18 कॅरेट

22 कॅरेट म्हणजे 916, 18 कॅरेट म्हणजे 750, 14 कॅरेट म्हणजे 585. हे आकडे हजारातले सोन्याचे भाग. उरलेलं तांबं, चांदी वगैरे. भेसळ जास्त तसा कडकपणा जास्त, म्हणून रोजच्या वापराच्या पुरुषी अंगठीला 18 कॅरेट बरं, असं शोरूममधली मुलं सांगतात आणि ते खरं आहे. हा मुलगा चोवीस तास अंगठी घालून फिरणारा, दुकानदार किंवा शिक्षक असता तर मीही 18 चाच आग्रह धरला असता. कमी पैशांत जाड अंगठी येते आणि आकार टिकतो.

इथे दोन गोष्टी आड आल्या. कामाच्या वेळी अंगठी निघणार, म्हणजे झीज कमी. आणि लातूरच्या सराफ बाजारात 22 कॅरेटच्या मोडीचा भाव सगळीकडे जवळपास सारखा सांगितला गेला, 18 कॅरेटला मात्र दुकानागणिक वेगळा. काहींनी तर "आमच्याकडची असेल तरच" असं स्पष्ट सांगितलं. म्हणून 22 कॅरेट, पण भरीव, खालून सपाट आणि वरून गोलाई असलेली पट्टी. आमच्याकडे जुने लोक घालायचे त्या वेढणीच्या जवळची. 'भरीव' हा शब्द मी प्रत्येक दुकानात मुद्दाम उच्चारला. पोकळ अंगठ्या रुंद दिसतात, वजनात कमी भरतात, म्हणून स्वस्त वाटतात. पण त्या चेपतात, चेपल्या की सरळ होत नाहीत आणि मापही वाढवता येत नाही.

चांदीचाही पर्याय होता. 925 चांदीची अंगठी देखणी असते, पण ती काळी पडते, मऊ असते आणि साखरपुड्याला दोन्हीकडच्या मोठ्या माणसांना ती रुचली नसती. यावर वाद घालावा असं मला वाटलं नाही.

आजोबांची वेढणी

ही वेढणी म्हणजे तारेसारखी ओढलेली सोन्याची जाड सळई दोन वेढे देऊन केलेली. एका बाजूला घासून चपटी झालेली, आत मातीचा काळा थर, एका ठिकाणी सांध्याचा फिकट पिवळा ठिपका. कधीतरी तुटली असावी आणि गावातल्या सोनाराने जोडून दिली असावी. वजन भरलं 5.2 ग्रॅम.

पहिल्या दुकानात कसोटीवर एक रेघ ओढून मालक म्हणाले, "पंधरा टक्के घट जाईल. जुना माल हाय." म्हणजे 22 कॅरेटच्या भावाने 4.42 ग्रॅमचे पैसे. मी कॅरेटमीटरवर, म्हणजे शुद्धता मोजणाऱ्या मशीनवर लावायला सांगितलं, तर त्यांच्याकडे मशीन नव्हतं. दुसरीकडे मशीन होतं. त्यावर 84 टक्के आलं. 84 टक्क्यांच्या 5.2 ग्रॅममध्ये निव्वळ सोनं 4.37 ग्रॅम. ते 916 मध्ये बदललं तर 4.77 ग्रॅम होतं. हिशेब सोपा जावा म्हणून 22 कॅरेटचा भाव ग्रॅमला 10,000 धरला तर दोन दुकानांतला फरक साडेतीन हजारांचा पडतो. प्रत्यक्षातला भाव रोज बदलतो, पण फरकाचं प्रमाण तेच राहतं.

कॅरेटमीटर एक्स-रेने वरचा थर वाचतं. सांध्यावर धरलं तर कमी दाखवतं, चांगल्या जागेवर धरलं तर जास्त. म्हणून वस्तू स्वच्छ करून तीन-चार ठिकाणी लावून घ्यावी. शंका असेल तर आपल्यासमोर वितळवून, लगडी करून पुन्हा लावावी. वितळवल्यावर मात्र परत फिरता येत नाही, म्हणून त्याआधी भाव आणि घट कागदावर लिहून घ्यायची. जुनं सोनं देऊन नवं घेताना जीएसटी नव्या दागिन्याच्या पूर्ण बिलावर लागतो, फरकाच्या रकमेवर नाही. हे काउंटरवर कळलं की लोकांना फसवल्यासारखं वाटतं. नियमच तसा आहे.

शेवटी दाजींनीच निर्णय फिरवला. मशीनवरचा आकडा बघून, भाव पटूनसुद्धा, त्यांनी वेढणी उचलून खिशात ठेवली. "राहू दे, बाबांची हाय. सोयाबीनचे पैसे हायेत की." मला तो निर्णय मनापासून आवडला. मोडीचा भाव आधी नीट काढून घेतला होता, म्हणून तो डोळसपणे झाला.

दुकान

जालन्याला 'सोने का पालना' म्हणतात आणि छत्रपती संभाजीनगर तिथून साठेक किलोमीटरवर, म्हणून मुलाकडच्यांनी तिकडच्या मोठ्या शोरूमचा पर्याय सांगितला. लातुरात गंजगोलाईभोवतीच्या सोळा रस्त्यांच्या पसाऱ्यात सराफांच्या जुन्या पेढ्या आहेत, तिथे आमच्या घरच्यांची ये-जा. तिसरा पर्याय ऑनलाइन.

ऑनलाइनचा पर्याय मापामुळे गळाला. आपल्याकडच्या अंगठीचा नंबर म्हणजे आतल्या घेराचे मिलिमीटर वजा 40. घेर 60 असेल तर नंबर 20. दोऱ्याने किंवा कागदाच्या पट्टीने हे घरी मोजता येतं, पण इलेक्ट्रिशियनच्या बोटाचा सांधा बोटापेक्षा जाड. पट्टी बोटाच्या बुडाशी मोजली तर अंगठी सांध्यावरून जात नाही, सांध्याची मोजली तर बुडाशी फिरते. शिवाय बोट सकाळी बारीक, संध्याकाळी जाड, थंडीत बारीक, उन्हाळ्यात सुजलेलं असतं. आमच्याकडच्या मे महिन्यात तर विचारूच नका. मुलाचं माप संध्याकाळी ड्युटी सुटल्यावर, दुकानातल्या मापाच्या रिंगा घालून घेतलं. तेही अरुंद रिंगांवर आधी आणि मग अंगठीइतक्याच रुंदीच्या रिंगेवर. रुंद पट्टी त्याच मापात घट्ट बसते. अरुंद रिंगेवर 20 आलं, रुंद रिंगेवर 21. आम्ही 21 धरलं.

शोरूम आणि पेढी यांत मी एकच कसोटी लावली: जे तोंडाने सांगताय ते बिलावर लिहून द्याल का? पाच गोष्टी होत्या. घडणावळ टक्क्यात की ग्रॅमवर आणि किती, निव्वळ वजन, मोडीच्या वेळी काय वजा होणार, माप बदलायचे पैसे आणि हॉलमार्क, म्हणजे शुद्धतेचा अधिकृत शिक्का.

हॉलमार्कबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण इथेच गिऱ्हाइकाच्या हातात खरं हत्यार आहे. 16 जून 2021 पासून देशातल्या 256 जिल्ह्यांत हॉलमार्किंग सक्तीचं झालं, पुढे जिल्हे वाढत गेले. दागिन्यावर तीन खुणा हव्यात: बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरो) त्रिकोणी चिन्ह, 22के916 अशी शुद्धता आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक. 1 एप्रिल 2023 पासून एचयूआयडी नसलेला हॉलमार्कचा दागिना दुकानदाराला विकता येत नाही. आपल्या घरातल्या जुन्या चार खुणांच्या दागिन्यांना याने बाधा येत नाही, ते जसे आहेत तसे चालतात. दोन ग्रॅमच्या आतल्या वस्तूंना सक्ती नाही, पण पुरुषाची अंगठी त्यात बसत नाही. मोबाईलवर बीआयएस केअर ॲपमध्ये हा एचयूआयडी टाकला की दागिन्याचा प्रकार, शुद्धता, सराफाचा नोंदणी क्रमांक आणि हॉलमार्किंग केंद्र दिसतं. प्रकार जुळतोय का तेही बघावं. अंगठीच्या नंबरावर कानातलं दिसलं तर तिथेच थांबायचं.

एका दुकानात आम्हाला जी अंगठी दाखवली तिच्यावर शिक्का होता, पण एचयूआयडी नव्हता. मालक म्हणाले, "जुना स्टॉक आहे, केडीएम आहे, काळजी करू नका." केडीएम म्हणजे कॅडमियम घालून केलेला सांधा. त्याच्या धुराने कारागिरांची फुप्फुसं खराब होतात म्हणून बीआयएसने तो बंद केला. शुद्धतेची हमी म्हणून तो शब्द आजही काउंटरवर वापरला जातो, याचा मला राग येतो. आम्ही उठलो.

शोरूमने सगळं छापील दिलं. नकाशीकाम, डबी, चहा, सगळं उत्तम. साध्या पट्टीवर घडणावळ 16 टक्के. पेढीने 8 टक्के सांगितले. सहा ग्रॅमच्या अंगठीवर, वर धरलेल्या 10,000 च्या भावाने, हिशेब असा: सोनं 60,000. शोरूमची घडणावळ 9,600, त्यावर 3 टक्के जीएसटी, बेरीज 71,688. पेढीची घडणावळ 4,800, जीएसटी धरून 66,744. हॉलमार्कचे 45 रुपये आणि त्यावरचा कर दोन्हीकडे याशिवाय द्यायचा. फरक पाच हजारांच्या आसपास, आणि घडणावळ मोडीत परत येत नाही. नक्षीदार, यंत्रावर कोरलेल्या अंगठीला 16 टक्के एकवेळ समजू शकतो, साध्या पट्टीला नाही.

पेढीवर सगळंच गोड होतं असं नाही. आधी साध्या चिठ्ठीवर आकडे लिहून दिले आणि "आपलंच दुकान हाय, बिल कशाला" असं म्हटलं. बिल नसेल तर पुढे शुद्धता कमी निघाली तरी दाद मागता येत नाही. बिल आणि हॉलमार्क असेल तर कमी निघालेल्या शुद्धतेच्या फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मागण्याचा गिऱ्हाइकाला हक्क आहे, 2018 च्या बीआयएस नियमांत तो लिहिलेला आहे. मी हे शांतपणे सांगितलं. मालक वयस्कर होते, रागावले नाहीत, काउंटरवरच्या मुलाला म्हणाले, "पक्कं बिल कर रे, पाव्हणे हिशेबाचे दिसायलेत." बिलावर अंगठीचं निव्वळ वजन, 22 कॅरेट 916, घडणावळ आणि हॉलमार्कचं शुल्क, सगळं वेगवेगळं आलं. खाली हाताने लिहून सही केली: मोडीच्या दिवशीच्या 22 कॅरेटच्या भावाने पूर्ण वजन, घट नाही, वर्षभर माप फुकट. भाव ॲडव्हान्स दिलेल्या दिवशीचा बांधून घेतला, तोही बिलावर.

मोठं शोरूम वाईट आणि जुनी पेढी चांगली, असा याचा अर्थ काढू नये. ज्या गावात ओळखीचा सराफ पक्कं बिल द्यायला तयार नाही, तिथे पाच हजार जास्त देऊन शोरूममध्ये जावं, असंच मी म्हणेन.

काय घेतलं आणि पुढे काय झालं

22 कॅरेट, भरीव, 4 मिलिमीटर रुंद, 21 नंबर, आतून गोलसर. भरली 6.04 ग्रॅम. तोळ्याचा आग्रह धरणाऱ्या आत्यांना मुलानेच सांगितलं, "आत्या, लोखंडाचं वजन दिवसभर उचलतो, बोटावर हलकंच बरं." आत हॉलमार्कच्या खुणा आणि साखरपुड्याची तारीख. तारीख कोरताना कारागिराला बजावलं होतं की खुणांच्या समोरच्या बाजूला जागा मोकळी ठेव. माप वाढवायला कधी पट्टी कापायची वेळ आली तर ती तिथे कापता यावी आणि एचयूआयडी वाचता राहावा.

ड्युटीच्या वेळी अंगठी कुठे राहणार, हे आधीच ठरवलं. कारखान्याच्या लॉकरमध्ये नाही, खिशात नाही, गळ्यातल्या साखळीतही नाही, कारण पॅनलपुढे वाकणाऱ्या माणसाच्या गळ्यातली साखळी अंगठीइतकीच धोक्याची. ती घरीच, देवघरातल्या चांदीच्या डबीत. सिलिकॉनची अंगठी घालायची का, असं नवरीने विचारलं होतं. गेटचा नियम 'अंगठी नको' असा सरळ असल्याने त्याने नको म्हटलं.

उन्हाळ्यात बोट सुजलं आणि अंगठी सांध्यावर अडायला लागली. सासुरवाडीला आला तेव्हा मी त्याला पेढीवर नेलं. साधी भरीव पट्टी असल्याने कापावी लागली नाही. कारागिराने ती तापवून, सळईवर चढवून हलक्या हाताने ठोकत एक नंबर वाढवली. आधी आणि नंतर वजन आमच्यासमोर केलं, दोन्ही वेळा 6.04. पॉलिश करायचं का, असं त्याने विचारलं. पॉलिशमध्ये सोनं थोडं का होईना घासून जातंच, म्हणून मुलगा नको म्हणाला. एचयूआयडी भिंगातून पुन्हा वाचून ॲपमध्ये टाकला, तोच अंगठीचा तपशील आला. बिलाच्या मागे मालकांनी तारीख आणि '22 नंबर केलं' असं लिहून सही दिली. नवरीची अंगठीही त्याच वेळी दाखवून घेतली, तिला काही करावं लागलं नाही.